टेस्ट रात्री फेल, सकाळी आपोआप पास: 'फ्लेकी आहे' म्हणून री-रन मारायच्या आधी हे बघा

लक्षण आधी सांगतो, म्हणजे तुमचंच दुखणं आहे का ते लगेच कळेल. दिवसभर सगळं हिरवं. रात्री रिलीजच्या घाईत कुणीतरी साडेबाराला पुश करतं, किंवा नाइटली जॉब दीडच्या सुमारास चालतो, आणि दोन-तीन टेस्ट लाल होतात, त्याही अशा की त्या कोडला पुशने हातसुद्धा लावलेला नाही. सकाळी दहाला कुणीतरी येतं, री-रन दाबतं, पास. मग टीमच्या ग्रुपवर "अरे ते फ्लेकी आहे, सोड" (म्हणजे कारण नसताना कधी पास, कधी फेल होणारी टेस्ट) असा मेसेज पडतो आणि विषय संपतो, पुढच्या रिलीजपर्यंत.

आपल्या ठाणे-नवी मुंबईच्या डेव्हलपर ग्रुपवर हा प्रश्न दर थोड्या दिवसांनी नव्या माणसाकडून नव्याने येतो आणि दर वेळी तीच उत्तरं पडतात, रनर स्लो असेल, कॅशे उडव, डॉकर इमेज परत बिल्ड कर, रिट्राय तीन ठेव. म्हणून एकदाच बैजवार लिहून ठेवतोय. यात जास्त भर जँगोवर (पायथनची वेब फ्रेमवर्क) आहे कारण विचारणारे बहुतेक जँगोवाले असतात, पण जावास्क्रिप्टवाल्यांनी पण खालचा भाग वाचा, तुमच्याकडे हेच दुखणं उलट्या अंगाने येतं.

सगळ्यात पहिलं काम, कोड उघडू नका. टेस्ट किती वाजता फेल झाली ते बघा. मागचे सहा-सात लाल रन काढा, प्रत्येकाची वेळ लिहा. लॉगमधल्या वेळेच्या शेवटी झेड अक्षर असेल तर ती यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ आहे, त्यात साडेपाच तास मिळवा. आता जर सगळ्या वेळा आपल्या रात्री १२ ते पहाटे ५:३० या पट्ट्यात पडल्या, म्हणजे यूटीसीत १८:३० ते २४:००, तर अभिनंदन, टेस्ट फ्लेकी नाहीये. ती रोज, न चुकता, ठरलेल्या वेळी फेल होते. तुम्ही त्या वेळी झोपलेले असता एवढंच. त्या साडेपाच तासांत आपल्याकडे तारीख बदललेली असते आणि यूटीसीत अजून कालचीच चालू असते, आणि तुमच्या कोडमध्ये कुठेतरी एक 'आज' आपल्या घड्याळाचा आहे आणि दुसरा 'आज' यूटीसीचा.

दहा ते सात ऑफिस करणाऱ्या टीमला हे वर्षभर दिसणार नाही. ऐरोली-महापे पट्ट्यात अमेरिकन शिफ्टवाले जे आहेत ना, कॅबने रात्री येणारे, त्यांना रोज दिसतं, आणि ते बिचारे ओरडून सांगतात तेव्हा दिवसवाले "माझ्याकडे तर चालतंय" म्हणतात. दोघंही खरं बोलत असतात.

बरं हे फक्त टेस्टचं दुखणं असतं तर मी पण म्हटलं असतं मरू दे. पण नाहीये. ग्रुपमधल्या एकीचं उदाहरण देतो, घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांचं मेंटेनन्स बिल भरायचं ॲप आहे त्यांचं. पैसे भरायची शेवटची तारीख १०, त्यानंतर व्याज. आता माणूस जागा होतो कधी, तर अकरा तारखेला रात्री पाऊण वाजता आठवतं, यूपीआयने भरून टाकतो. पावतीवर तारीख ११, आणि व्याजाचा हिशोब करणाऱ्या फंक्शनच्या मते आज १० च, व्याज शून्य. वर्षभर कुणाचं लक्ष गेलं नाही कारण फुकट सुटलेला माणूस तक्रार करत नाही. मग आलं ३१ मार्च. सोसायटीचं आर्थिक वर्ष तिथे संपतं, आणि एक एप्रिलला रात्री एकला आलेले पैसे एका रिपोर्टात जुन्या वर्षात आणि दुसऱ्या रिपोर्टात नव्या वर्षात. ऑडिटर अडला, सेक्रेटरी काका रोज फोन करायला लागले, आणि तेव्हा कळलं की यांची 'फ्लेकी' म्हणून स्किप केलेली टेस्ट नेमकं हेच कधीपासून सांगत होती.

आता जँगोमध्ये हे कुठून येतं ते.

सेटिंग्जमध्ये टाइमझोन एशिया/कोलकाता ठेवला आणि यूज_टीझेड चालू असलं (जँगो ५.० पासून ते सांगितलं नाही तरी चालूच असतं) तरी जँगोचं टाइमझोन.नाऊ() तुम्हाला यूटीसीतली वेळ देतं. त्यात चूक काही नाही, क्षण तोच आहे, फक्त लिहिलेला यूटीसीत आहे. घोळ होतो तुम्ही त्याला पुढे .डेट() जोडता तेव्हा. त्याने आपली तारीख येत नाही, यूटीसीची येते. ठाण्यात १ एप्रिलचे रात्रीचे दीड वाजलेत, तर हे म्हणणार ३१ मार्च. आणि दुसरीकडे मॉडेलमध्ये जे डेटफील्ड आहे, ऑटो_नाऊ_ॲडवालं, ते आतून पायथनचं साधं डेट.टुडे() वापरतं. ते डेट.टुडे() प्रोसेसच्या लोकल टाइमझोनवर चालतं, आणि लिनक्स-मॅकवर जँगो सुरू होतानाच प्रोसेसचा टीझेड तुमच्या सेटिंग्जमधल्या टाइमझोनवर नेऊन ठेवतं. म्हणजे फील्डमध्ये गेली १ एप्रिल, टेस्टने तुलना केली ३१ मार्चशी, फेल. पहाटे साडेपाचनंतर दोन्ही १ एप्रिल, पास. ग्रुपवर आलेल्या तक्रारींपैकी बहुतेक याच एका जोडीच्या आहेत.

उपाय एका ओळीचा आहे, टाइमझोन.लोकलडेट() वापरा. जँगो १.११ पासून आहे ते. अख्ख्या रेपोत (प्रोजेक्टच्या सगळ्या कोडमध्ये) ग्रेप मारा, म्हणजे शोधा, नाऊ() च्या मागे .डेट() चिकटलेलं जिथे जिथे दिसेल तिथे थांबून स्वतःला विचारा की इथे कुणाचा दिवस हवाय. डोळे झाकून फाइंड-रिप्लेस करू नका, काही ठिकाणी यूटीसीचाच दिवस हवा असतो, उदाहरणार्थ बाहेरच्या एखाद्या एपीआयचा रोजचा कोटा यूटीसी मध्यरात्रीला रिसेट होत असेल तर.

यात विंडोजवाल्यांसाठी एक वेगळं पान आहे. विंडोजवर पायथनला प्रोसेसचा टाइमझोन असा बदलता येत नाही, त्यामुळे तिथे डेट.टुडे() मशीनच्या घड्याळावर चालतं, सेटिंग्जमध्ये काहीही असो. भारतातल्या लॅपटॉपवर मशीन आयएसटीवरच असतं म्हणून खपून जातं. तोच प्रोजेक्ट यूटीसी ठेवलेल्या विंडोज सर्व्हरवर गेला की तारखा हलतात.

आणि हो, लोक काय करतात, सीआयच्या (टेस्ट आपोआप चालवणाऱ्या सर्व्हरच्या) यॅमल सेटिंग फाइलमध्ये 'टीझेड=एशिया/कोलकाता' असं टाकतात आणि मग येऊन म्हणतात दादा काहीच फरक नाही पडला. पडणार नाहीच, आत्ताच सांगितलं ना, जँगो सुरू होताना तो टीझेड स्वतःच्या सेटिंगने ओव्हरराइट करतं. तुमचं यॅमल कुणी विचारतच नाही तिथे. आणि जिथे विचारतात तिथेही अल्पाइन लिनक्सची इमेज असेल आणि त्यात टीझेडडेटा पॅकेज नसेल तर कंटेनरचं घड्याळ गुपचूप यूटीसीच दाखवत राहतं, एरर वगैरे काही देत नाही.

रात्रीऐवजी सकाळी फेल होत असेल तर?

हा माझा आवडता प्रकार आहे. काही जुन्या प्रोजेक्टांत टेस्ट सकाळी ऑफिसला आल्यावर फेल होतात आणि पहिल्या चहानंतर पास. लोक हसतात, म्हणतात सर्व्हर पण चहा घेतल्याशिवाय चालत नाही. कारण असं की सेटिंग्ज फाइलमध्ये टाइमझोन ही ओळच नसेल तर जँगोचा आतला डीफॉल्ट यूटीसी नाहीये, अमेरिका/शिकागो आहे. जँगो जन्मलं कॅन्ससमधल्या लॉरेन्स गावच्या लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड या वर्तमानपत्रात, २००५ साली ते सगळ्यांसाठी खुलं केलं, आणि ते गाव शिकागोच्या घड्याळावर चालतं. जँगोच्या स्टार्टप्रोजेक्ट कमांडने तयार केलेल्या फाइलमध्ये यूटीसी लिहून येतं म्हणून सहसा कळत नाही, पण सेटिंग्जचे बेस-डेव्ह-टेस्ट असे तुकडे पाडताना कुणीतरी ती ओळ उडवली की टेस्टच्या फाइलमध्ये शिकागो लागतो. शिकागो आपल्या मागे हिवाळ्यात साडेअकरा तास आणि उन्हाळ्यात साडेदहा तास. म्हणजे तिकडची तारीख आपल्याकडे सकाळी ११:३० ला किंवा १०:३० ला बदलते. मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी ही वेळ एक तासाने सरकते, आणि तुमची फेल व्हायची वेळ पण त्याच आठवड्यात सरकली असेल तर दुसरं काही शोधायची गरज नाही.

फेल व्हायच्या वेळेवरून टाइमझोन ओळखायची ही युक्ती कुठेही चालते. आणखी एक आकडा लक्षात ठेवा, २३ मिनिटं. दोन वेळांमध्ये बरोबर २३ मिनिटांचा फरक दिसला तर कुणीतरी जुन्या पायटीझेड लायब्ररीचा टाइमझोन डेटटाइमच्या टीझेडइन्फोमध्ये थेट कोंबलाय, लोकलाइझ न करता. तसं केलं की पायटीझेड ५:३० ऐवजी ५:५३ लावतं, जी कोलकात्याची एकेकाळची स्थानिक वेळ. (आपल्या मुंबईची पण होती वेगळी वेळ, ४:५१ वाली, आणि आयएसटी आल्यानंतरही मुंबईने ती १९५५ पर्यंत सोडली नाही, हट्टीपणा जुनाच आहे आपला.) जँगोने ४.० मध्ये पायथनचं स्वतःचं झोनइन्फो डीफॉल्ट केलं आणि ५.० मध्ये पायटीझेडचा सपोर्ट काढला, पण तुमच्या युटिल्स फोल्डरमध्ये कुणीतरी २०१६ साली लिहिलेलं फंक्शन अजून असेलच.

आता हे दुपारी बारा वाजता, ऑफिसात बसून, मुद्दाम फेल कसं करायचं. हे महत्त्वाचं आहे कारण रात्री दीडपर्यंत जागून फिक्स टेस्ट करायला कुणालाच हौस नसते.

बरेच जण फ्रीझगन लावतात. चांगली लायब्ररी आहे, पण या एका कामाला ती फसवते. फ्रीझगनने वेळ गोठवली की साधं डेट.टुडे() पण डीफॉल्टने यूटीसीचीच तारीख देतं, प्रोसेसचा टाइमझोन काय आहे ते बघत नाही. म्हणजे तुमच्या बगमधले दोन 'आज' तिथे एकच होऊन जातात आणि टेस्ट पास. उलट तुम्ही कोड नीट करून लोकलडेट() वापरलंत तर फ्रीझगनखाली ते डेटफील्डशी जुळत नाही आणि बरोबर कोड फेल. एक मुलगा या चक्रात अडकून फिक्स रिव्हर्ट करून मोकळा झाला होता, त्याला दोष देत नाही मी, कुणीही गोंधळेल.

टाइम-मशीन नावाची लायब्ररी घ्या. तिला जायची वेळ देताना झोनइन्फोचा एशिया/कोलकाता लावून द्या, १ एप्रिल २०२४, रात्रीचे दीड. मग ती वेळही बदलते आणि प्रोसेसचा टाइमझोन पण, म्हणजे खऱ्या रात्री दीडला सर्व्हर जसा वागेल तसंच होतं. (युनिक्सवरच, विंडोजवाल्यांनी डब्ल्यूएसएलमध्ये, म्हणजे विंडोजमधल्या लिनक्समध्ये चालवा.) आता टेस्ट दुपारी पण लाल झाली पाहिजे. लाल झाली की मग कोड बदला आणि हिरवी करा. आधी लाल केल्याशिवाय फिक्सचा पीआर (कोड बदल घ्यायची विनंती) टाकू नका, आणि रिव्ह्यू करणाऱ्यानेही तसा पीआर घेऊ नये, कारण सकाळी अकराला हिरवी असलेली टेस्ट काहीच सिद्ध करत नाही, ती तर आधी पण अकराला हिरवीच होती.

ती टेस्ट तशीच ठेवून द्या, वेळ एक एप्रिलची रात्र. दुसरी एक १ जानेवारीची ठेवा. बस झालं.

डेटाबेस मायएसक्यूएल असेल तर एक छोटी गोष्ट. फिल्टरमध्ये __डेट वापरताय आणि काहीच रेकॉर्ड येत नाहीयेत, दिवसा पण नाही, तर मायएसक्यूएलमध्ये टाइमझोनची टेबलं भरलेली नाहीत. ती मायएसक्यूएल_टीझेडइन्फो_टू_एसक्यूएल या कमांडने भरावी लागतात. नसतील तर कन्व्हर्ट_टीझेड फंक्शन नल देतं आणि तुमची क्वेरी रिकामी. पोस्टग्रेसला हे लागत नाही.

सेलरीवाल्यांनी (ठरलेल्या वेळी मागे कामं चालवणारी पायथन लायब्ररी) पण बघा, सेलरीचा टाइमझोन वेगळा सेट करावा लागतो, नाही केला तर तो यूटीसी. रात्री १२:०५ ला बिलं काढायचा टास्क लावलाय असं तुम्हाला वाटतं आणि तो चालतो पहाटे ५:३५ ला. गिटहबच्या शेड्यूलचं क्रॉन (वेळापत्रकाची ओळ) पण डीफॉल्टने यूटीसीत वाचलं जातं, "संध्याकाळी आठ" म्हणून लिहिलेलं २० म्हणजे रात्रीचे दीड. गंमत म्हणजे या चुकीमुळेच बऱ्याच टीमना हा बग पहिल्यांदा सापडलाय. रेल्सवाल्यांकडे डेट.टुडे आणि डेट.करंट अशी जोडी आहे, पहिलं सिस्टीमचं, दुसरं ॲपच्या टाइमझोनचं, दुखणं तेच.

जावास्क्रिप्टवाले, या इकडे.

तुमच्याकडे मुख्य गुन्हेगार म्हणजे टूआयएसओस्ट्रिंग() काढून पहिली दहा अक्षरं कापणं. टूआयएसओस्ट्रिंग नेहमी यूटीसीत देतं. 'आत्ता'ची तारीख अशी काढली तर तीच रात्रीची कहाणी. पण कॅलेंडरमध्ये यूझरने १ एप्रिल निवडला, म्हणजे आपल्या मध्यरात्रीचा डेट ऑब्जेक्ट झाला, आणि त्यावर हे केलं तर दिवसाच्या कुठल्याही वेळी ३१ मार्च येणार, पुढे १८:३०:०० लिहिलेलं. लॉगमध्ये १८:३० दिसलं की डोळे झाकून समजा ही भारतीय मध्यरात्र आहे, कुणीतरी तारखेला क्षण समजून पाठवलंय. हा प्रकार सीआयवर दिसत नाही कारण तिथलं घड्याळ यूटीसी, लॅपटॉपवर मात्र फेल. म्हणजे लक्षण उलटं, "सीआयवर पास, माझ्याकडे फेल", आणि मग सगळे त्या लॅपटॉपवाल्याकडे संशयाने बघतात.

दुसरा प्रकार आपल्याला दिसतच नाही, क्लायंटला दिसतो. न्यू डेटमध्ये नुसती '२०२४-०४-०१' अशी स्ट्रिंग दिली तर ती यूटीसी मध्यरात्र धरली जाते, पण तीच पुढे वेळ लावून दिली, शेवटी झेड न लावता, तर लोकल धरली जाते. आपण यूटीसीच्या पुढे आहोत म्हणून नुसत्या तारखेचे आपल्याकडे त्याच दिवशीचे पहाटेचे साडेपाच होतात, तारीख बरोबर दिसते, आपण खूश. अमेरिकेत तेच ३१ मार्चची संध्याकाळ होतं. म्हणून टेस्ट दोन टाइमझोनमध्ये चालवा, एकदा एशिया/कोलकाता, एकदा अमेरिका/लॉस_एंजेलिस, जेस्ट (टेस्ट चालवणारं टूल) सुरू व्हायच्या आधी टीझेड सेट करून. टेस्ट फाइलच्या आत सेट केलं तर चालेलच याची खात्री नसते, कमांडच्या पुढे लावा किंवा ग्लोबल सेटअपमध्ये. विंडोजच्या सीएमडीत तो टीझेड पुढे लावायचा प्रकार चालत नाही, क्रॉस-एन्व्ह वापरा.

प्लेराइटमध्ये (खरा ब्राउझर चालवून टेस्ट करणारं टूल) टाइमझोनआयडीचा ऑप्शन आहे, तो लावला की लोक निर्धास्त होतात. पण तो ब्राउझरला लागतो. टेस्ट जी चालवते ती नोड प्रोसेस, तिचा टाइमझोन वेगळाच राहतो. पानावर १ एप्रिल दिसतंय आणि टेस्टमध्ये अपेक्षित तारीख तुम्ही न्यू डेटने काढलीत, ती नोडने यूटीसीत काढली, परत तेच. अपेक्षित तारीख टेस्टमध्ये मोजूच नका, हाताने लिहा. १.४५ पासून प्लेराइटमध्ये पेज.क्लॉक आलंय, त्याने ब्राउझरची वेळ गोठवता येते, फक्त तुमचा बॅकएंड त्याला भीक घालत नाही, तो आपल्या खऱ्या वेळेवर चालतो, हे डोक्यात ठेवा.

आणि कोलकाता की कॅलकटा हा एक खास आपल्या देशाचा बग. ब्राउझरला टाइमझोनचं नाव विचारलं की क्रोम वर्षानुवर्षं एशिया/कॅलकटा सांगत आलाय आणि फायरफॉक्स एशिया/कोलकाता. स्ट्रिंगची तुलना करणारी टेस्ट एका ब्राउझरवर पास आणि दुसऱ्यावर फेल. पूर्वी सर्व्हरला दोन्ही नावं चालायची म्हणून खपत होतं, पण उबंटू २४.०४ मध्ये अशी जुनी नावं टीझेडडेटा-लेगसी नावाच्या वेगळ्या पॅकेजमध्ये गेली, डेबियनच्या नव्या आवृत्तीतही तेच, त्यामुळे इमेज अपग्रेड केली आणि "असा टाइमझोन नाही" म्हणून एरर यायला लागली असेल तर कारण हे. ते पॅकेज टाका, किंवा बरं म्हणजे नाव आत येतानाच कोलकाता करून घ्या.

आता रिट्रायबद्दल. मी रिट्रायच्या विरोधात नाही, ब्राउझर टेस्टला नेटवर्क असतं, ॲनिमेशन असतं, होतं कधीकधी. गूगलने २०१६ मध्ये त्यांचे आकडे सांगितले होते, सगळ्या टेस्ट रनपैकी साधारण १.५ टक्के फ्लेकी आणि जवळजवळ १६ टक्के टेस्टमध्ये थोडाफार फ्लेकीपणा, म्हणजे त्यांनाही सुटलेलं नाही. पण हा तारखेचा बग रिट्रायने जातच नाही. रात्री दीडला तीनदा चालवा नाहीतर तीसदा, लालच राहणार. तीन रिट्राय मारून पण फेल आणि सकाळी पहिल्या फटक्यात पास, हीच तर खूण आहे. चाळीतल्या फ्यूजसारखं आहे, दर वेळी तार बदलून लाइट आणता येतो, पण कुठल्या खोलीत शॉर्ट आहे ते कुणी बघतच नाही.

मला जास्त राग येतो तो नव्या मुलांना दिल्या जाणाऱ्या वागणुकीचा. पहिल्या नोकरीतला पोरगा रात्री लाल बिल्ड बघून घाबरून ग्रुपवर लिहितो, मोठा माणूस म्हणतो फ्लेकी आहे, नवा आहेस, सवय होईल. त्याला सवय होते. दोन वर्षांनी तोच दुसऱ्याला तेच सांगतो. वागळे इस्टेटात शनिवारी आम्ही काही जण लॅपटॉप घेऊन जमतो (अंधेरी-पवईच्या मीटअपला जायचं तर अर्धा दिवस रस्त्यात जातो, त्यापेक्षा हे बरं), तिथे परवा एकीने घड्याळ बघून पाच मिनिटांत कारण सांगितलं आणि सगळे तिच्याकडे बघतच बसले. अमेरिकन शिफ्टला होती ती आधी, रोज रात्री हेच बघायची.

त्या बैठकीत असो की ग्रुपवर, विचारताना एवढं करा. स्क्रीनशॉट कापू नका. बहुतेक जण फक्त लाल ओळ कापून टाकतात आणि नेमकी वेळ कापली जाते, आणि मग आम्ही बसतो "किती वाजता?" विचारत आणि समोरचा "काल रात्री" म्हणतो. वेळ झेडसकट पाठवा, फ्रेमवर्कची आवृत्ती, सेटिंग्जमधली टाइमझोनची ओळ, ऑपरेटिंग सिस्टीम, आणि एकाच टेस्टचा एक पास आणि एक फेल लॉग पूर्ण. क्लायंटचा डेटा तेवढा झाका. टेक्स्ट पेस्ट केलंत तर अजून बरं, मोबाइलने काढलेला मॉनिटरचा फोटो नको.

आणि एवढं सगळं बघूनही वेळा कुठल्याच पट्ट्यात बसत नसतील, दुपारी पण फेल, रात्री पण पास, तर मग टाइमझोन सोडा आणि क्रम बघा. जँगो ४.० पासून टेस्ट कमांडला शफल ऑप्शन आहे, तो लावून चालवा, फेल झाली की आउटपुटमध्ये सीड नंबर येतो, तोच नंबर देऊन परत चालवलं की तोच क्रम परत मिळतो. त्यात सापडणारे नेहमीचे दोघं: एखाद्या टेस्टने टाइमझोन.ॲक्टिव्हेट() करून तसंच सोडलेलं, त्याऐवजी ओव्हरराइड वापरा म्हणजे ब्लॉक संपल्यावर आपोआप परत येतं. आणि दुसरा, आयडी १ असेल असं गृहीत धरलेलं, जे पोस्टग्रेसवर पहिल्या टेस्टनंतर खोटं ठरतं कारण ट्रान्झॅक्शन रोलबॅक झालं तरी सीक्वेन्सचा नंबर मागे येत नाही. सीड नंबर मिळाला की तोही मेसेजमध्ये टाका.